मोहोळचा अर्ज आणि हम्बोल्टचं पीक

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे एक अर्ज आला. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याही पिकाला भाव मिळत नाही, घातलेला खर्चही निघत नाही, कारखान्याला दिलेल्या उसाचे पैसे वेळेवर हाती येत नाहीत. गांजाला मात्र बाजारात चांगला भाव आहे, असं त्याचं म्हणणं होतं. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून १६ तारखेपासून लागवड करीन, हेही त्याने कळवलं होतं. पोलिसांनी हा प्रसिद्धीसाठीचा खटाटोप ठरवला आणि गांजा लावला तर गुन्हा दाखल होईल असं बजावलं. चार दिवस बातमी फिरली, लोक हसले, विषय मागे पडला.

मला त्या अर्जात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या माणसाचा प्रश्न नशेचा नव्हता, भावाचा होता. आणि तो प्रश्न आजवर फार थोड्यांनी नीट विचारला आहे: गांजा उद्या कायद्यात बसला, सरकारने त्यावर कर लावला, तर तो पिकवणाऱ्याच्या, निवडणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या पदरात नेमकं काय पडतं?

आपल्याकडे याचं उत्तर आज मिळणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची, म्हणजे झाडाच्या फुलोऱ्याची, लागवड आणि विक्री बंद केली. लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं अजून चालतात. पण त्याआधी शतकभर गांजा हे सरकारी उत्पन्नाचं खातं होतं, हे आपण पार विसरलो आहोत. मुंबई इलाख्यात त्याची लागवड मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होई, मध्य प्रांतात खंडवा तहसिलीत, बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगावात. १८९३ साली ब्रिटिश संसदेत या व्यसनावर ओरड झाली, तेव्हा सरकारने सात जणांचा आयोग नेमला. त्यात तीन सदस्य भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बेताने घेणाऱ्यांना फारसा अपाय होत नाही, बंदीची गरज नाही, परवाना द्यावा, नियंत्रण ठेवावं आणि कर वाढवावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्या अहवालातला नौगावचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. शेतातली नर झाडं वेळेवर ओळखून उपटली नाहीत तर मादी झाडांत बी धरतं आणि माल वाया जातो. हे ओळखणारा खास जाणकार असे, त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. कापलेला फुलोरा मजूर पायांनी तुडवून चपटा करत. चपटा, गोल आणि चुरा, असे तीन प्रकार होत आणि प्रत्येकावरचा कर वेगळा. माल सरकारी गोदामात कुलपाखाली जाई. शेराशेराचा हिशोब वहीत असे. पिकवणाऱ्यांच्या हाती बाजू सावरण्याचं साधन आलं ते १९१७ साली, जेव्हा नौगावच्या शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था काढली. मालाची मोजदाद सरकारने पहिल्या दिवसापासून केली. माणसांना आपली मोजदाद स्वतः करून घ्यावी लागली. हेच पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी सातासमुद्रापार पुन्हा घडताना दिसतं.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्या आहेत. रेडवुडचे उंच डोंगर, अरुंद रस्ते, धुकं. १९६०-७० च्या दशकांत शहर सोडून आलेल्या तरुणांनी इथे झाडांच्या आडोशाला गांजा लावला आणि पाहता पाहता सगळा मुलूख त्यावर जगू लागला. लाकूडतोडीचे कारखाने बंद पडले, सॅमन मासळी रोडावली, तरी गावातली दुकानं चालत राहिली ती या पिकामुळे. वर सरकारी हेलिकॉप्टर घिरट्या घालत, छापे पडत, माणसं तुरुंगात जात. पण बंदीमुळेच भाव टिकून होता. एका पौंडाला, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमला, चांगल्या काळात काही हजार डॉलर मिळत. पाव-अर्ध्या एकरात एका कुटुंबाचं वर्ष निघे.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने औषधी वापराला परवानगी दिली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन यांनी मतदानाने पूर्ण परवानगी दिली आणि १ जानेवारी २०१४ रोजी कोलोरॅडोत पहिली दुकानं उघडली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये कौल दिला, विक्री १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाली. हम्बोल्टमधल्या पुष्कळ शेतकऱ्यांना वाटलं, आता लपायचं संपलं, आता आपण द्राक्षवाल्यांसारखे मानाने शेती करू.

कराची रचना पाहा. ग्राहकाकडून १५ टक्के उत्पादन शुल्क. त्यावर नेहमीचा विक्रीकर. त्यावर शहराचा किंवा काउंटीचा वेगळा कर. हम्बोल्टने तो शेताच्या चौरस फुटावर लावला, उघड्या शेतीला फुटामागे एक डॉलर, बंदिस्त शेतीला तीन. आणि या सगळ्याच्या आधी, पीक बाजारात जातानाच, वाळलेल्या फुलोऱ्यावर औंसाला ९.२५ डॉलर लागवड कर. तो महागाईच्या हिशोबाने वाढत २०२२ मध्ये १०.०८ डॉलर झाला. पौंडात सोळा औंस, म्हणजे पौंडामागे १६१ डॉलर.

हा कर किमतीवर नव्हता, वजनावर होता. यातच सगळी मेख आहे. पौंडाला दीड हजार डॉलर मिळत होते तोवर १६१ डॉलर सोसण्यासारखे होते. पण बंदी उठताच पीक वाढलं. कायद्याने पहिली पाच वर्षं मोठे परवाने द्यायचे नाहीत असं आश्वासन दिलं होतं, लहान शेतकऱ्याला जम बसवायला वेळ मिळावा म्हणून. पण २०१७ च्या अखेरीस निघालेल्या नियमांत एका मालकाने किती लहान परवाने घ्यावेत याला मर्यादाच ठेवली नाही. पैसेवाल्यांनी लहान परवान्यांची चळत रचून मोठाली शेतं उभी केली. भाव कोसळला. २०२१-२२ मध्ये डोंगरातल्या कितीतरी शेतकऱ्यांना पौंडाला पाचशे डॉलरही मिळेनात आणि कर मात्र तेवढाच. आपल्याकडे कांदा दोन रुपये किलोने गेल्यावरही हमाली, तोलाई आणि गाडीभाडं ठरलेलंच कापलं जातं आणि शेतकरी बाजार समितीतून रिकाम्या हाताने परततो, तसाच हा प्रकार. अखेर १ जुलै २०२२ ला राज्याने लागवड कर रद्द केला. तोवर शेकडो परवाने परत गेले होते, घरं विकायला निघाली होती, गावातली पंपाची आणि खताची दुकानं ओस पडली होती.

चोरटा बाजार मात्र संपला नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी आपल्या हद्दीत दुकानंच होऊ दिली नाहीत. करासह पावतीचा माल आणि पावतीविना माल यांच्या किमतीत मोठी तफावत राहिली. शुल्काचा दर १ जुलै २०२५ ला १९ टक्क्यांवर गेला, धंद्यात हाकाटी झाली आणि १ ऑक्टोबरपासून तो पुन्हा १५ वर आणावा लागला. दर किती असावा, याला पुस्तकी उत्तर नाही. पण कर कुठे लावायचा, पिकवणाऱ्याच्या दारात की ग्राहकाच्या हातात, वजनावर की किमतीवर, यावर लहान शेतकरी जगतो की मरतो, एवढं हम्बोल्टने दाखवून दिलं.

शेतकऱ्याच्याही खाली मजूर आहे. ऑक्टोबरात झाडं कापतात, उलटी टांगून वाळवतात. मग लांब टेबलाभोवती माणसं बसतात. प्रत्येकाच्या हातात लहान टोकदार कात्री. कळीला चिकटलेली बारीक पानं एकेक करून छाटायची, कळी मात्र मोडता कामा नये. अर्ध्या तासात कात्रीच्या पात्यांवर चिकट काळी राळ साचते आणि पाती उघडेनाशी होतात. मग ती तेलात किंवा स्पिरिटात बुडवून पुसायची आणि पुन्हा सुरू. संध्याकाळी अंगठा आणि मनगट बधिर. मजुरी पौंडावर. सराईत हात दिवसाला एक-दोन पौंड छाटतो, आणि बंदीच्या काळात पौंडाला दोनशे डॉलरपर्यंत मिळत, रोख. हंगामात त्यासाठी जगभरातून पोरंपोरी येत, मेक्सिकोहून टोळ्या येत. पण मालकाने पैसे बुडवले तर तक्रार कुठे करणार? डोंगरात अडकलेल्या बायकांवर अत्याचार झाले, तरी पोलिसांत जायची सोय नव्हती, कारण तिथे असणं हाच गुन्हा.

कायद्याने इथे खरोखर काही दिलं. किमान वेतन आलं, जादा कामाचा मोबदला आला, पगाराची पावती आली, कामावर इजा झाली तर भरपाईचा विमा आला. कॅलिफोर्नियात परवानाधारकाला आपल्या एका पर्यवेक्षकाला आणि एका कामगाराला सुरक्षेचं तीस तासांचं प्रशिक्षण द्यावं लागतं. पगाराची पावती ही सुखवस्तू माणसाला क्षुल्लक वाटेल. पण ती दाखवल्याशिवाय घर भाड्याने मिळत नाही, गाडीचं कर्ज मिळत नाही. वीस वर्षं राबूनही ज्याच्याजवळ राबल्याचा एकही कागद नव्हता, त्याला तिची किंमत विचारावी. त्याच वेळी पौंडाची मजुरी घसरली आणि बड्या शेतांवर छाटणीची यंत्रं आली. दोन्ही गोष्टी एकाच कायद्याच्या पोटी जन्मल्या. एक सांगून दुसरी लपवणं खोटेपणाचं होईल.

संघटनेची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०१० मध्ये, कॅलिफोर्नियात पूर्ण परवानगीचा प्रस्ताव मतदानात हरला त्याच वर्षी, ओकलंडच्या औषधी गांजाच्या दुकानांतले शंभराच्या आसपास कामगार एका संघटनेत सामील झाले. ही संघटना मूळची किराणा दुकानांतल्या आणि मांसप्रक्रिया कारखान्यांतल्या कामगारांची. तिने ओळखलं की हा धंदा आज ना उद्या कायद्यात येणार, आणि नियम लिहिले जात असतानाच आत शिरायला हवं. त्यातूनच कॅलिफोर्नियाच्या परवान्याला ‘कामगार शांतता करारा’ची अट जोडली गेली: मालकाने संघटना बांधणाऱ्यांना आडकाठी करायची नाही, संघटनेने त्या काळात काम बंद पाडायचं नाही. आधी ही अट वीस किंवा अधिक कामगारांच्या धंद्याला होती, १ जुलै २०२४ पासून ती दहावर आणली. न्यू यॉर्कने २०२१ च्या कायद्यात ती सुरुवातीपासूनच घातली. ओरेगॉनच्या मतदारांनी २०२४ मध्ये अशीच अट मंजूर केली, पण २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय न्यायालयाने ती रद्द ठरवली. शेतात राबणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. १९३५ च्या अमेरिकन कामगार कायद्याने शेतमजुरांना संघटनेच्या संरक्षणातून वगळलं होतं, आणि ते आजही बाहेर आहेत. मग कात्रीने कळी छाटणारा शेतमजूर की कारखान्याचा कामगार? या एका प्रश्नावर वकिलांच्या फैरी झडल्या. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना १९७५ पासून स्वतःचा कायदा आहे, सेझार चावेझ आणि द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनी लढून मिळवलेला. त्यामुळे तिथल्या मजुराला निदान दार ठोठावायला जागा आहे.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या दृष्टीने मात्र १९७० च्या कायद्यानुसार गांजा हेरॉइनच्या रांगेतच राहिला. २०२४ मध्ये त्याला खालच्या वर्गात आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला, पण तोवर या विसंगतीने कामगारांचे बरेच हाल केले होते. बँका खातं देईनात, म्हणून पगार रोखीने. रोकड साठलेली दुकानं दरोडेखोरांच्या नजरेत, आणि दरोड्यात बंदुकीसमोर उभा राहणारा मालक नव्हे, गल्ल्यावरचा पोरगा. त्यात १९८२ चं एक करकलम. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याला धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असं ते म्हणतं. माल पिकवण्याचा किंवा विकत घेण्याचा खर्च तेवढा वजा होतो. परिणामी शेतातल्या मजुराची मजुरी खर्चात धरली जाते, पण दुकानात ग्राहकाला माल दाखवणाऱ्या, समजावून सांगणाऱ्या कामगाराचा पगार धरला जात नाही. मालक त्याला जे देतो त्यावरही नफा समजून कर भरतो. अशा दुकानात पगारवाढीचा विषय निघाला की काय उत्तर मिळत असेल याचा अंदाज करता येईल.

आणि गांजा ओढणारा कामगार? ज्या राज्यात दुकानातून पावती घेऊन माल आणता येतो, त्याच राज्यात लघवीच्या चाचणीत अंश सापडला म्हणून नोकरी जाते. शनिवारी रात्री घेतलेल्याचा अंश पुढे कित्येक दिवस, रोज घेणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहतो. दारूचं तसं नाही. चाचणी सांगते ती पूर्वी कधीतरी घेतल्याची खूण. कामावर असताना डोकं ठिकाणावर होतं की नाही हे ती सांगतच नाही. २०१५ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयात हात-पाय लुळे झालेल्या एका माणसाचा खटला निकाली निघाला. डॉक्टरांच्या शिफारशीने, घरी, कामाच्या वेळेबाहेर तो गांजा घेत असे. कामावर कधी नशेत असल्याचा आरोपही नव्हता. तरी केंद्राच्या लेखी ते बेकायदा, म्हणून नोकरीवरून काढणं वैध ठरलं. नेवाडा, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांनी नंतर संरक्षण दिलं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून नुसत्या जुन्या अंशावरून भेदभाव करायला मनाई केली, पण बांधकाम मजुरांना त्यातून वगळलं. ट्रकचालकांना तर केंद्राचेच चाचणीचे नियम लागू. राज्याची परवानगी त्यांच्या काही कामाची नाही.

तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यात नुसती नोकरी केली, तरी नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या वर्तणुकी’च्या कसोटीला ती आड येऊ शकते. पुण्या-नाशिकहून गेलेलं, ग्रीन कार्डवर असलेलं एखादं पोर अर्धवेळ कामासाठी परवानाधारक दुकानात लागलं, सगळे कर भरले, पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या, तर त्याच पावत्या पुढे त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतात.

बंदीच्या काळात झालेल्या नुकसानीचा हिशोबही यातच येतो. २००१ ते २०१० या दहा वर्षांत अमेरिकेत गांजासाठी ८२ लाखांहून अधिक अटका झाल्या, त्यातल्या ८८ टक्के नुसता जवळ बाळगल्याबद्दल. वापर जवळपास सारखा असूनही काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या पावणेचार पट. अटकेचा कागद आयुष्यभर मागे लागतो: नोकरीच्या अर्जात रकाना, घरमालकाची चौकशी. इलिनॉयच्या राज्यपालांनी विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २०१९ ला, ११ हजारांवर लोकांना माफी दिली. पंचवीस वर्षांच्या कामगाराला नवी दुकानं निघाल्याचा जेवढा उपयोग, त्याहून हा एक जुना कागद पुसला जाण्याचा जास्त, असं माझं मत आहे.

गांजा निरुपद्रवी आहे असं म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. रोज, कडक माल घेणाऱ्या तरुणांत मनोविकाराचा धोका वाढतो, शिक्षण सुटतं, ज्याच्या घरात असं पोर आहे त्याला ते सांगावं लागत नाही. पण या झाडाचं नुकसान फक्त ओढणाऱ्याला होतं असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या होल्योक गावात, एका परवानाधारक कारखान्यात, दळलेला गांजा कागदी नळ्यांत भरणारी २७ वर्षांची कामगार श्वास कोंडून कामावरच कोसळली आणि दगावली. हवेतल्या भुकटीने तिला दमा जडला होता. अमेरिकेच्या गांजाउद्योगात कामामुळे जडलेल्या दम्याने मृत्यू आल्याची ही पहिली नोंद. पिठाच्या गिरणीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, तंबाखूच्या वखारीत हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

आता पैसा. कोलोरॅडोला २०१४ मध्ये गांजाच्या करातून आणि परवान्यांतून सुमारे ६.८ कोटी डॉलर मिळाले, २०२१ मध्ये ४२ कोटींच्या वर, आणि २०२३ मध्ये तोच आकडा २७ कोटींवर उतरला. त्यातून शाळांच्या इमारती झाल्या, ही चांगलीच गोष्ट. न्यू यॉर्कने ४० टक्के शिक्षणाला आणि ४० टक्के बंदीने होरपळलेल्या वस्त्यांना ठेवले. कॅलिफोर्नियात प्रशासन, संशोधन आणि होरपळलेल्या वस्त्यांची अनुदानं बाजूला काढल्यावर उरलेल्यातले ६० टक्के मुला-तरुणांच्या कार्यक्रमांना, २० टक्के पर्यावरणाला, २० टक्के पोलीस आणि सुरक्षेला जातात. या वाटणीत कात्री धरणाऱ्या मजुराच्या नावाचा वेगळा रकाना नाही.

तसा रकाना असू शकतो, आणि तो सोलापूरकरांना माहीत आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, त्यात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याचं रीळ. हजार विड्यांवर मजुरी. १९७६ मध्ये संसदेने विडीवर खास उपकर बसवला आणि तो विडी कामगार कल्याण निधीत जाईल असं कायद्यातच लिहिलं. त्या निधीतून दवाखाने चालले, घरांना मदत झाली, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. ओळखपत्र असलेल्या बाईला तो पैसा मागायचा हक्क होता, कारण तो तिने वळलेल्या विडीवरच गोळा झालेला असे. मजुरी कमीच राहिली, तंबाखूने छाती पोखरायचं थांबलं नाही, तरी धूर काढणाऱ्याने दिलेल्या करातला काही भाग विडी वळणाऱ्या हाताकडे परत येत होता. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला, त्यात हा उपकर विलीन झाला. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यानंतरही निघतात, पण पैसा आता सरकार अर्थसंकल्पात जेवढा ठेवील तेवढा. मोहोळच्या त्या शेतकऱ्याच्या गावापासून सोलापूरच्या विडी वस्त्या तासाभराच्या अंतरावर आहेत.